एपिक्युरसचे मृत्युपत्र

ग्रीक तत्त्वज्ञांचे कितीतरी ग्रंथ काळाच्या ओघात हरवले; पण त्यांच्यापैकी काहींची मृत्युपत्रे मात्र शाबूत राहिली आहेत. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास डायोजिनीस लेर्शियस नावाच्या एका हौशी चरित्रकाराने तत्त्वज्ञांच्या हकिगती दहा भागांत गोळा केल्या आणि त्यात प्लेटोचे व ॲरिस्टॉटलचे मृत्युपत्रही उतरवून ठेवले. शेवटचा, दहावा भाग त्याने सगळाच्या सगळा एका माणसाला दिला आहे. तो म्हणजे एपिक्युरस. मरण ही माणसाने काळजी करण्याची बाबच नव्हे, असे याने जन्मभर शिकवले. त्याच माणसाचे मृत्युपत्र या भागात आहे, आणि तेही चांगले ऐसपैस, एकेका माणसाची आठवण ठेवून लिहिलेले.

मी व्यवसायाने वकील आहे. दिवाणी दावे चालवण्यात आणि लोकांची मृत्युपत्रे लिहून देण्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेली. तेव्हा तत्त्वज्ञानाचे पुस्तक हाती आले तरी नजर आधी दस्तऐवजाकडे जावी, यात नवल नाही. एपिक्युरसचे मृत्युपत्र वाचताना माझ्या मनात एक प्रश्न आला. पुढे कळले, की तो दोन हजार वर्षांपूर्वी दुसऱ्या एका वकिलालाही पडला होता. रोमचा थोर वक्ता सिसेरो याने इ.स.पूर्व ४५ मध्ये लिहिलेल्या एका ग्रंथात एपिक्युरसला जणू साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. मेल्यावर आपले काहीच उरत नाही असे ज्याचे मत, त्याने आपल्या पश्चात काय व्हावे याची एवढी तजवीज का करावी, असा त्याचा उलटतपासणीतला सवाल आहे. सवाल बिनतोड वाटतो. पण त्याचे उत्तर शोधू लागले, की मरणाबद्दलच नव्हे तर सुखाबद्दलही बरेच काही हाती लागते.

आधी या माणसाच्या बदनामीविषयी थोडे सांगायला हवे. इंग्रजीत एपिक्युरसच्या नावावरून जो शब्द तयार झाला, त्याचा अर्थ खवय्या, चोखंदळ जिभेचा माणूस असा होतो. ज्यू धर्मपरंपरेत त्याच्या नावावरून पडलेला शब्द धर्मद्रोह्यासाठी वापरतात. इटालियन महाकवी दान्ते याने आपल्या नरकाच्या वर्णनात एपिक्युरसला त्याच्या शिष्यांसकट सहाव्या वर्तुळातल्या धगधगत्या थडग्यांत टाकले आहे. आपल्याकडे चार्वाकाचे जे झाले, तेच हे. चार्वाकाबद्दल आपल्याला जे कळते ते बहुतेक त्याच्या विरोधकांनी केलेल्या खंडनातून, आणि सामान्य माणसाच्या लक्षात राहिले आहे ते फक्त कर्ज आणि तूप. एपिक्युरसने म्हणे सुमारे ३०० गुंडाळ्या भरतील एवढे लिहिले. त्यातली पूर्ण अशी तीन पत्रे, ४० सूत्रांचा एक संग्रह, व्हॅटिकनच्या ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितात १८८८ मध्ये सापडलेली काही वचने आणि मोडकेतोडके तुकडे, एवढेच आपल्यापर्यंत आले आहे.

आता त्याचा काळ पाहा. एपिक्युरसचा जन्म इ.स.पूर्व ३४१ मध्ये सामोस बेटावर झाला. आईबाप अथेन्सचे नागरिक, वडील शाळामास्तर. अठराव्या वर्षी रिवाजाप्रमाणे लष्करी शिक्षणासाठी तो अथेन्सला गेला, त्याच वर्षी, म्हणजे इ.स.पूर्व ३२३ मध्ये, तिकडे बॅबिलोनमध्ये सिकंदर मरण पावला. मग सरदारांची आपसात लढाई जुंपली. सामोसवरच्या अथेन्सकरांना बेटावरून हाकलण्यात आले, त्यात एपिक्युरसचे घरही उठले. ॲरिस्टॉटलनेही त्याच धामधुमीत अथेन्स सोडले आणि पुढच्याच वर्षी तो वारला. ज्या नगरराज्याच्या आधाराने ग्रीक माणूस जगत होता, त्याचे भवितव्य आता परक्या सेनापतींच्या लहरीवर अवलंबून होते. आज हा राजा, उद्या तो. अशा दिवसांत चांगले कसे जगावे, हा प्रश्न चर्चेच्या हौसेचा राहत नाही. तो पोटापाण्याइतका निकडीचा होतो.

एपिक्युरसने मिटिलिनी आणि लॅम्पसॅकस इथे काही वर्षे शिकवले आणि इ.स.पूर्व ३०६ च्या सुमारास तो अथेन्सला परतला. गावात एक घर होते. शिवाय वेशीबाहेर, प्लेटोच्या अकादमीकडे जाणाऱ्या वाटेवर, त्याने ८० मिना, म्हणजे ८,००० द्राख्मा देऊन एक बाग विकत घेतली. पुढे त्याच्या संप्रदायाचे नावच ‘बाग’ पडले. या बागेत बायका येत, आणि बरोबरीने चर्चेला बसत. लेऑन्शन आणि थेमिस्टा ही त्यांतली दोन नावे इतिहासाला ठाऊक आहेत. मिस नावाचा त्याचा गुलामही तत्त्वज्ञानाच्या चर्चेत बसे. त्या काळच्या अथेन्समध्ये एवढ्यावरूनही कंड्या पिकायला पुरेसे होते.

या बागेत चैन ती काय चालत असे? रोमन तत्त्वज्ञ सेनेका स्वतः विरोधी पंथाचा, स्टोइक. पण त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे, की सुख हेच परमश्रेय मानणाऱ्या या बागेत पाहुण्यापुढे येई ते सातूचे पीठ आणि पाणी. एपिक्युरसने एका मित्राला लिहिलेल्या पत्रात थोडे चीज मागवले होते, कशासाठी, तर मनात येईल तेव्हा मेजवानी करता यावी म्हणून! भाकरीबरोबर चीजचा तुकडा ही त्याची मेजवानी.

याहून मोठी साक्ष प्लुटार्कची आहे, आणि तोही एपिक्युरसचा टीकाकारच. इ.स.पूर्व २९५-२९४ च्या सुमारास डेमेट्रियस राजाने अथेन्सला वेढा घातला. गावात धान्य संपले. एका घरात बाप आणि मुलगा हताश होऊन बसले असताना छतावरून मेलेला उंदीर खाली पडला आणि तो मिळावा म्हणून दोघांची मारामारी झाली, अशी हकिगत प्लुटार्क देतो. तिच्या लगेच खाली एक वाक्य येते. त्या दिवसांत एपिक्युरसने आपल्या सोबत्यांना कडधान्याचे दाणे मोजून वाटून देऊन जगवले, असे तो सांगतो. ज्याला जग सुखलोलुप म्हणते, तो माणूस वेढ्यातल्या गावात बसून दाणे मोजतो आहे आणि प्रत्येकाच्या ओंजळीत सारखे टाकतो आहे. एपिक्युरसचे नाव निघाले की मला आता हेच चित्र आठवते.

तरीही तो सुखवादी होता, हे खरेच आहे. सुख हे पहिले आणि स्वाभाविक श्रेय, हे तो लपवत नाही. प्रश्न एवढाच, की सुख कशाला म्हणायचे. त्याच्याआधी सायरीनी गावच्या ॲरिस्टिपसने आणि त्याच्या पंथाने क्षणाक्षणाचे, अंगाला जाणवणारे सुख हेच खरे मानले होते. या वाटेने गेलेल्याचे काय होते, ते त्याच पंथातल्या हेजेसियासने दाखवून दिले. सुखाची आणि दुःखाची बेरीज-वजाबाकी त्याने मांडली, दुःखाचीच बाजू जड निघाली, आणि मग तो मरणाची अशी काही महती गाऊ लागला की ऐकणारे जिवावर उदार होऊ लागले. अखेर टॉलेमी राजाने त्याच्या व्याख्यानांना बंदी घातली, असे सिसेरो सांगतो. सुखाच्या शोधात निघालेला माणूस मरणाच्या दारात कसा पोचतो, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

एपिक्युरसने हिशेबाची पद्धतच बदलली. शरीराला यातना नाहीत आणि मनाला धास्ती नाही, ही अवस्था हेच त्याच्या मते सुखाचे शिखर. त्यापुढे सुखात भर पडत नाही. पडतो तो फक्त निराळेपणा. मनाच्या या निवांतपणाला ग्रीक भाषेत ‘अताराक्सिया’ म्हणतात; खळबळ नसणे, असा त्याचा साधा अर्थ. तिथे पोचण्यासाठी त्याने इच्छांची तीन गटांत वर्गवारी केली. काही इच्छा स्वाभाविकही असतात आणि आवश्यकही, जसे अन्न, पाणी, अंगावर वस्त्र, डोक्यावर छप्पर. काही स्वाभाविक असतात पण अडून राहाव्यात अशा नसतात, जसे भाकरीऐवजी पक्वान्न. आणि काही स्वाभाविकही नसतात आणि आवश्यकही नसतात: कीर्ती, सत्ता, अमर्याद पैसा. पहिल्या गटातल्या इच्छा थोडक्यात भागतात. तिसऱ्या गटातल्या कधीच भागत नाहीत, कारण त्यांना तळच नसतो.

हा संन्याशाचा उपदेश नव्हे. समोर पक्वान्न आले तर एपिक्युरस ते नाकारत नाही. ते नसले म्हणून रडत मात्र नाही. थोडक्यात भागवायची सवय असलेल्या माणसालाच अधूनमधून मिळणारी चैन खरी भोगता येते, असा त्याचा व्यवहारी हिशेब. महिनाअखेरीची ओढाताण आणि त्यानंतर सणाच्या दिवशी पानात पडलेली पुरणपोळी ज्यांना आठवते, त्यांना हे सूत्र वेगळे समजावून सांगायला नको.

पण पोट भरले आणि अंग दुखत नसले, तरी माणूस निवांत होतो का? होत नाही. कारण एक भीती मागे लागलेली असते. एपिक्युरसचे निदान असे, की माणसाच्या बऱ्याच हावरेपणाच्या मुळाशी मरणाची भीती असते. तीवर त्याने जो उपाय दिला, तो तत्त्वज्ञानाच्या इतिहासातला एक अतिशय प्रसिद्ध युक्तिवाद आहे.

त्याच्या आधी, इ.स.पूर्व ३९९ मध्ये, विषाचा प्याला घेण्याची शिक्षा झालेल्या सॉक्रेटिसने न्यायालयापुढे दोन शक्यता ठेवल्याचे प्लेटो सांगतो. मरण म्हणजे एकतर स्वप्नरहित गाढ झोप, नाहीतर दुसऱ्या लोकीचा प्रवास. सॉक्रेटिसने दोन्ही दारे उघडी ठेवली. एपिक्युरसने त्यातले एक लावून घेतले. डेमोक्रिटसप्रमाणे तोही अणुवादी. सारे विश्व अणूंचे आणि पोकळीचे बनले आहे, जीवही अणूंचाच आहे, आणि देह मोडला की तेही अणू विखुरतात, असे तो मानी. मग जाणीव उरत नाही. चांगले-वाईट जे काही असते ते जाणिवेत असते. जाणीवच नाही तर वाईट कोणाला वाटायचे? आपण असतो तेव्हा मरण आलेले नसते आणि मरण येते तेव्हा आपण नसतो. दोघांची गाठ म्हणून पडत नाही.

इ.स.पूर्व पहिल्या शतकात लुक्रीशियस या रोमन कवीने सहा भागांच्या काव्यात हे तत्त्वज्ञान मांडले आणि या युक्तिवादाला एक जोड दिली. आपल्या जन्मापूर्वी अनंत काळ लोटला, त्याचे आपल्याला काही दुःख होते का? होत नाही. तर मग मरणानंतरचा काळ त्या काळाचेच आरशातले रूप समजावे. हा विचार पुढे रोमन जगात इतका रुजला, की पूर्वी नव्हतो, मग होतो, आता नाही आणि त्याची फिकीरही नाही, अशा अर्थाचा मजकूर लोक थडग्यावर कोरून घेत. आणि तो इतका सर्रास झाला की पुढे पुढे नुसती आद्याक्षरे कोरली तरी पुरे होई.

आत्मा अमर मानणाऱ्या वाचकाला यातले सगळे पटणार नाही, आणि तसा माझा आग्रहही नाही. पण ज्याचा परलोकावर विश्वास आहे तो तरी मरणाला कमी भितो का? माझा व्यवसाय मला रोज याचे उत्तर देतो. मृत्युपत्र करू म्हटले की भलेभले चाचरतात. कायद्याने त्यात अवघड काही नाही. साध्या कागदावर लिहिता येते, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणीचीही सक्ती नाही. तरी माणसे म्हणतात, “वकीलसाहेब, एवढ्यात कशाला? दिवाळी होऊन जाऊ दे.” जणू सही केली की यमाला पत्ता कळणार! एक सधन गृहस्थ सात-आठ वर्षे मसुदा खिशात घालून हिंडत होते. सही राहिली ती राहिलीच. त्यांच्या तीन मुलांनी पुढे अकरा वर्षे एकमेकांविरुद्ध कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. आता लग्नकार्यालाही एकमेकांकडे जात नाहीत.

याउलट एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. वहीच्या पानावर त्यांनी टिपणच करून आणले होते. पितळेचे डबे भाचीला, पुस्तके शाळेला, आणि शेजारच्या एका मुलीची कॉलेजची दोन वर्षांची फी बाजूला काढून ठेवायची. मी विचारले, “बाई, भीती नाही वाटत?” त्या म्हणाल्या, “वाटून काय करू? तिची परीक्षा मार्चमध्ये आहे.” बाईंनी एपिक्युरसचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. पण त्याचा धडा मला त्यांच्या त्या टिपणात स्पष्ट दिसला.

तर्काच्या बाजूने मात्र या युक्तिवादावर आक्षेप आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. थॉमस नेगल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७० मध्ये एका निबंधात म्हटले, की मरण वाईट ठरते ते त्यात यातना असतात म्हणून नव्हे. जगायला मिळाले असते ते हिरावले जाते म्हणून. पंचविशीत गेलेल्या मुलाच्या बाबतीत हे कोण नाकारील? आणि दुसरा आक्षेप आपल्या सगळ्यांच्या अनुभवाचा. आपले मरण आपल्याला भेटत नसेल. पण आपल्या माणसाचे मरण आपल्याला भेटते. चांगले समोरासमोर भेटते. माझा धाकटा भाऊ अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला. त्या दिवसांत मी एपिक्युरसचा युक्तिवाद मनाशी पुष्कळ घोळवून पाहिला. भावापुरता तो बरोबर होता. त्याला आता कसलाच त्रास नव्हता. पण संध्याकाळी त्याच्या फोनची वाट पाहणाऱ्या माझ्यासाठी त्यात काही नव्हते.

इथेच एपिक्युरसचे मृत्युपत्र हातात घ्यावे.

मेट्रोडोरस हा त्याचा दहा वर्षांनी लहान असलेला जिवलग मित्र आणि सहकारी. बाग पुढे त्यानेच चालवायची, असे सगळ्यांनी धरलेले. तो वयाच्या ५३ व्या वर्षी, एपिक्युरसच्या सात वर्षे आधी, मरण पावला. मागे एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाचे नाव बापाने एपिक्युरस असेच ठेवले होते. एपिक्युरसचे अनुयायी अशा वेळी काय शिकवत, हे प्लुटार्कच्याच लेखनातून कळते. मित्र गेल्यावर डोळ्याला पाणीही येऊ नये म्हणणाऱ्यांशी ते वाद घालत. असा कोरडेपणा दुःखापेक्षाही वाईट, असे त्यांचे म्हणणे. रडावे, पण तिथेच थांबू नये. नुसत्या विलापापेक्षा मित्राची काळजी वाहावी, आणि गेलेल्या मित्राची आठवण गोड करून घ्यावी.

मृत्युपत्रात हेच कलमवार उतरले आहे. मेट्रोडोरसच्या मुलांचा सांभाळ करावा. मुलगी वयात आली की तिचे लग्न लावावे आणि हुंडा मिळकतीतून द्यावा. पॉलिएनस या दुसऱ्या दिवंगत मित्राच्या मुलाकडेही तसेच पाहावे. तत्त्वज्ञानाच्या संगतीत म्हातारे झालेल्यांना काही कमी पडू देऊ नये. मिस आणि आणखी तीन गुलामांना मुक्त करावे. त्यांत फेड्रियम नावाची एक स्त्रीही आहे. दरवर्षी आपला वाढदिवस साजरा व्हावा आणि दर महिन्याच्या विसाव्या दिवशी आपली व मेट्रोडोरसची आठवण म्हणून सगळ्यांनी एकत्र यावे. यात आजच्या नजरेला खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. मुलीचा नवरा संप्रदायातूनच निवडायचा आहे, तोही वडीलधाऱ्यांनी, आणि तिने त्यांच्या आज्ञेत राहायचे आहे. गुलामगिरीवर त्याने बोट ठेवलेले नाही. काळाची चौकट त्यालाही होतीच.

वकील म्हणून मला दाद द्यावीशी वाटली ती बागेच्या कलमाला. वारस म्हणून त्याने निवडलेला हर्मार्कस हा मिटिलिनीचा, म्हणजे अथेन्समध्ये परका. आणि परक्याला तिथे जमिनीची मालकी मिळत नसे. तेव्हा एपिक्युरसने मिळकत ॲमिनोमॅकस आणि टिमॉक्रटीस या दोन अथेन्सकरांच्या नावे केली, अट घातली की बाग हर्मार्कसला आणि त्याच्या सोबत्यांना राहायला व अभ्यासाला द्यावी, आणि त्याचा दस्त सरकारी दप्तरखान्यात नोंदवून ठेवला. आजचा एखादा मुरलेला वकीलही विश्वस्त नेमताना यापेक्षा वेगळे काय करील?

आणि हे सगळे आपल्यापुढे ठेवणाऱ्या माणसाचा अंतकाळ कसा होता? मुतखड्याने लघवी अडलेली, जोडीला हगवण. दुखणे चौदा दिवस चालले. शेवटी तो कोमट पाण्याने भरलेल्या पितळी टबात बसला, त्याने पाणी न घातलेली दारू मागून घेतली, मित्रांना आपली शिकवण विसरू नका म्हणून सांगितले आणि प्राण सोडला. वय ७२. त्याच सुमारास आयडोमेनियस या मित्राला लिहिलेले त्याचे छोटेसे पत्र टिकून आहे. वेदनांना आता सीमा उरली नाही, हे तो लपवत नाही. पण आपल्या जुन्या गप्पांची आठवण मनाला जो आनंद देते तो या वेदनांच्या समोर उभा केला आहे, असे तो कळवतो आणि आजचा दिवस सुखाचा म्हणतो. पत्राचा शेवट काय असावा? मेट्रोडोरसच्या मुलांकडे लक्ष ठेव!

आता सिसेरोला उत्तर देता येईल. एपिक्युरस म्हणाला होता, की माझे मरण हे मला काही नाही. माझ्या मरणाने दुसऱ्याचे काही बिघडत नाही, असे तो कधीच म्हणाला नाही. त्या मुलीचे लग्न व्हायचे होते, म्हाताऱ्या सोबत्यांना जेवायचे होते, हर्मार्कसला राहायला जागा हवी होती. हे सगळे जिवंत माणसांचे प्रश्न होते आणि ते त्याच्या पश्चातही जिवंतच राहणार होते. स्वतःच्या मरणाच्या धास्तीत बुडालेल्याला दुसऱ्याच्या परीक्षेची तारीख आठवत नाही. ज्याची धास्ती गेली, त्याचे लक्ष मोकळे होते, हात मोकळे होतात. मग तो दाणे मोजून देऊ शकतो आणि कलमेही नीट लिहू शकतो. मरण आपल्याला काही नाही, या वाक्याची कसोटी तर्कात जेवढी आहे तेवढीच मागे ठेवलेल्या कागदांत आहे.

त्या कागदांची पुण्याई किती टिकली, तेही पाहण्यासारखे आहे. इ.स. १२१ मध्ये, म्हणजे जवळजवळ चारशे वर्षांनी, रोमन सम्राट ट्राजनची विधवा प्लॉटिना हिने नवा सम्राट हेड्रियन याच्याकडे अर्ज केला. अथेन्समधल्या एपिक्युरसच्या संप्रदायाच्या प्रमुखाला आपले मृत्युपत्र ग्रीक भाषेत करू द्यावे आणि रोमचा नागरिक नसलेला वारसही नेमू द्यावा, अशी तिची विनंती होती. सम्राटाने ती मान्य केली. हा सारा पत्रव्यवहार दगडावर कोरलेला अथेन्समध्ये सापडला आहे. परक्या वारसाची अडचण हर्मार्कसच्या वेळी होती, तीच पुन्हा उभी राहिली होती; आणि पुन्हा कोणीतरी तिच्यातून वाट काढत होते.

त्याच दुसऱ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानच्या नैर्ऋत्येला ओनोआंडा गावात, डायोजिनीस नावाचा एक म्हातारा राहत होता (आपला चरित्रकार वेगळा, हा वेगळा). प्रकृती खालावलेली, दिवस थोडे उरलेले. त्याने गावातल्या एका भिंतीवर एपिक्युरसची शिकवण कोरून घेतली; अंदाजे २५,००० शब्द. लोक खोट्या भीतीच्या साथीने आजारी आहेत, तेव्हा औषध चव्हाट्यावर मांडावे, आणि ते परक्यांसाठी आणि अजून जन्माला न आलेल्यांसाठीही असावे, असा त्याचा हेतू त्याने तिथेच नोंदवला आहे. ती भिंत पडली, दगड इतर बांधकामांत गेले. १८८४ मध्ये पहिले तुकडे उजेडात आले आणि आजवर सुमारे ३०० सापडले आहेत.

इटलीत इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने हर्क्युलेनियम गाव गाडले, त्यात एपिक्युरसपंथी ग्रंथांचे एक खासगी ग्रंथालय जळून कोळसा झाले. त्यातल्या न उलगडता येणाऱ्या एका गुंडाळीची क्ष-किरणांनी चित्रे घेऊन तीन तरुणांनी संगणकाच्या मदतीने दोन हजारांहून अधिक अक्षरे वाचली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांना ७ लाख डॉलरचे बक्षीस मिळाले. मजकूर बहुधा फिलोडेमस या एपिक्युरसपंथीयाचा असावा, असे अभ्यासक म्हणतात. आणि विषय काय निघाला? सुख! दुर्मीळ वस्तू मुबलक वस्तूंपेक्षा जास्त सुख देतात का, याची चर्चा त्यात आहे. दोन हजार वर्षे कोळशात बंद असलेला प्रश्न आपल्या बाजारपेठांच्या काळात बाहेर यावा, ही मोठी गंमत आहे.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी २००८ मध्ये मृत्युभयावर एक पुस्तक लिहिले. मरणाच्या भीतीने ग्रासलेल्या रुग्णांशी बोलताना एपिक्युरसचे युक्तिवाद अजूनही उपयोगी पडतात, असा त्यांचा अनुभव आहे. उपयोगी पडत असतील, यात मला शंका नाही. पण ज्यांना युक्तिवादाने समाधान होत नाही, त्यांनी मृत्युपत्राकडून सुरुवात करावी. एखाद्या रविवारी दुपारी, जेवणे झाल्यावर, एक कोरा कागद घ्यावा. मिळकत नंतर लिहावी. आधी माणसांची नावे लिहावीत: कोणाला कशाची गरज आहे, कोणाचे कोणते काम अर्धे राहिले आहे, कोणाला आपण कधी भेटलो नाही. यादी पुरी झाली की लक्षात येईल, की यातली बरीच कामे आपल्या मरणापर्यंत थांबायची गरज नाही. ती पुढच्या सोमवारीही करता येतील.